बांधाच्या पायथ्याचं अमृत

"आजपासून या भूमीवर आजार नावाची गोष्ट उरणार नाही!" काठी उंचावून महाराज गरजले आणि जे शिंकायला लागले ते थांबेचनात.

गर्दीने शिंकांनाही टाळ्या दिल्या. तळ्याच्या मातीच्या बांधाखाली महाराजांनी कालच काठी खुपसली होती आणि तिथून धार लागली होती. लोक हंडे, बाटल्या घेऊन आले होते. एकाने तर हेल्मेट आणलं होतं.

शाळेच्या बाई कोपरं मारत पुढे सरकल्या. शाळा बांधाच्या खालच्या अंगाला, आणि तळं-बांध त्यांच्याच धाकट्या भावाच्या मालकीचे. त्यांनी एक पेला भरून दगडावर ठेवला.

"काल पाणी नितळ होतं. आज गढूळ कसं?"

"गढूळ नव्हे माई, दुधाळ! पाताळाचं दूध!" महाराज म्हणाले. "रांग वाढलीय. धारेचं तोंड रुंद करा रे!"

भावाने पहार उचलली.

"हात लावशील तर याद राख!" बाई कडाडल्या. "बांधावर झाडं माजली, घुशींनी बिळं केली, एकदा तरी वाकून पाहिलंस? तळ्याचं पाणी बांधाच्या पोटातून वाट काढतंय. ओल आधीपासूनच होती. यांच्या काठीने नुसती खपली काढली."

"ताई, चारचौघांत अब्रू काढू नकोस गं."

"शाळेतली पोरं वाहून गेल्यावर अब्रू कुठे ठेवशील? ऐका सगळे! मी वर तळ्यात बादलीभर नीळ ओततेय. खाली निळी धार आली, तर पाताळ माझ्या बादलीत आहे असं समजा."

"खुशाल ओता. पाताळाला रंग लागत नसतो!"

बांधालगत पाण्यात बारीकसा भोवरा फिरत होता. बाईंनी नेमकी तिथेच बादली उपडी केली आणि खाली येऊन उभ्या राहिल्या. धार आधी फिकटली, मग शाईसारखी निळी झाली.

"नीलामृत!" महाराज ओरडले.

"मग घ्या की घोटभर," हेल्मेटवाल्याने हेल्मेट पुढे केलं. महाराजांना एकाएकी उपवास आठवला.

बाईंनी दगडावरचा पेला उचलला. तळाशी मातीचा थर बसला होता. "हा आपला बांध, पेल्यात उतरलेला. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारत जा, हे येतं कुठून? विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. शाळा आत्तापासून बंद, खालची घरं रिकामी करा. आणि तू, तळं उतरव!"

भाऊ पाणी सोडायच्या झडपेकडे धावला. थोड्या वेळाने परत आला तो गंजाने तांबडेलाल झालेले हात घेऊन.

"ताई, चाक हलत नाही गं. बांध बांधल्यापासून कुणी फिरवलंच नाही." त्याने गर्दीकडे पाहिलं. "कुणाकडे जरासं तेल आहे का?"