माझे तीन मिलिमीटर

मित्रांनो, मी एक जुनी फीत आहे. वेणीत बांधायची रेशमी फीत नव्हे हं! मी पोलादाची, वीस मीटर लांब, अंगभर आकडे कोरलेली. माझ्या शेंड्याला पितळेचं टोकदार वजन आहे. बंदरावरच्या सरकारी टाकीत देशाचं तेल साठवतात. ते किती आहे, हे मी तीस वर्षं सांगत आले. आता कार्यालयाच्या दारात काचेच्या पेटीत बसून असते. येणारेजाणारे बघतात आणि पुढे जातात.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं डोळ्याला भिंग लावून माझी एकेक रेघ तपासली. "कुठंही जा, पण लांबीत फरक पडू देऊ नकोस," असं म्हणून त्यानं मला डब्यात ठेवलं. त्याचं ऐकणं माझ्या हातात नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

टाकी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मला डोंगराएवढी वाटली. अठ्ठ्याहत्तर पायऱ्या चढायच्या, तेव्हा माथा लागायचा. तिथलं छोटं झाकण उघडून मला आत सोडलं. खाली नुसता अंधार. मग कोमट, जड, काळंभोर तेल अंगाला लागलं. माणूस जन्मायच्या कितीतरी आधीपासून ते जमिनीखाली पडून होतं म्हणे. आणि त्याचं माप घ्यायला कोण, तर माझ्यासारखी बोटभर रुंदीची पट्टी! पण त्या दिवसापासून त्या अंधाराचं मला वेडच लागलं.

मला सोडणाऱ्या बाईंना सगळे मापवाल्या ताई म्हणत. त्यांची रीत ठरलेली. माप तीनदा घ्यायचं. दर वेळी मला चिंधीनं पुसायचं आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे देणाऱ्यालाही ऐकू जाईल आणि घेणाऱ्यालाही. पंधरा मीटर खाली माझं टोक तळाला टेकायचं. आवाज यायचा नाही, पण ताईंच्या बोटांना ते बरोबर कळायचं. ते कसं, हे मला आजही उमगलेलं नाही. मी नुसती थक्क व्हायचे.

मग सरकार बदललं. नव्या मंत्र्यांनी एका परदेशी कंपनीशी करार केला. आमचं सगळं तेल तीच नेणार आणि टाकीवर मोजणारं यंत्रही तीच बसवणार. मंत्र्यांनी बटण दाबलं, फोटो निघाले. माझी रवानगी फुटक्या कपांच्या कपाटात झाली.

तरी दर जहाजाच्या आधी ताई मला घेऊन वर जायच्याच. कुणी हसलं तर म्हणायच्या, "सवय आहे हो, सुटत नाही."

एके सकाळी त्यांनी तीनऐवजी सहा वेळा माप घेतलं. टाकी रिकामी असली की यंत्र आणि मी सारखंच सांगत होतो. भरली की मात्र यंत्र वीतभर कमी दाखवत होतं. वीतभर म्हणजे काय ते नुसतं ऐकून कळणार नाही. त्या टाकीत वीतभर तेल म्हणजे अठ्ठावीस टँकर! प्रत्येक जहाज एवढं तेल फुकट घेऊन जात होतं. ताईंनी कार्यालयाच्या साहेबांना लेखी कळवलं.

"अहो ताई, यंत्र कशाला खोटं बोलेल?" साहेब म्हणाले. "तुमची फीत म्हातारी झालीय."

तो कागद कसा कोण जाणे बाहेर फुटला आणि एकच गदारोळ झाला. विरोधी पक्षानं रस्ते डोक्यावर घेतले. मंत्री म्हणाले, ही बाई विरोधकांनी फितवलेली आहे. चौकशी समिती नेमली गेली. फीत खोटी ठरली असती तर ताईंची नोकरी जाणार होती आणि वर खटला भरला जाणार होता. चौकशी होईपर्यंत टाकीवर जायचा त्यांचा पास काढून घेतला.

त्या मला जमा करायला फाटकाशी आल्या, तेव्हा विरोधी पुढारी तिथंच उभे होते. "ताई, उद्या आमच्या व्यासपीठावर या. ही फीत नुसती हातात धरून उभ्या राहा."

"फीत टाकीत सोडायची असते साहेब," ताई म्हणाल्या. "हातात धरून काही कळत नाही."

मित्रांनो, खरं सांगते, मी मनातून घाबरले होते. तीस वर्षं तळाला टेकून टेकून माझं टोक झिजलं होतं. टोक झिजलं की फीत तेवढंच जास्त सांगते. म्हणजे मी खोटं बोलत होते, आणि माझ्यामुळे ताई अडकणार होत्या.

चौकशीच्या दिवशी सकाळी समितीच्या माणसासमोर ताईंनी मला टाकीत सोडलं आणि आकडा लिहून दिला. मग सगळे टाकीवर आले. पांढऱ्या कपड्यांतले दोन्ही पक्षांचे पुढारी चाळिसाव्या पायरीलाच धापा टाकू लागले. समितीच्या अध्यक्षबाई मात्र न थांबता वर पोचल्या. कंपनीच्या परदेशी साहेबानं माझं टोक भिंगातून पाहिलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "हे झिजलं आहे. खरं ना?"

"हो," ताई म्हणाल्या. "तीन मिलिमीटर."

माझी तर लाजेनं मान खाली गेली.

"मग लपवलंत का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"लपवलं कुठं? डब्याचं झाकण बघा ना."

झाकणाच्या आतल्या बाजूला एक पिवळा कागद चिकटवलेला होता. माझं टोक किती झिजलं, ते दर वर्षी तारखेसह लिहिलेलं. खाली सही आणि ठळक अक्षरांत सूचना: 'एवढे वजा करूनच माप लिहावे.' मी इतकी वर्षं त्या झाकणाखाली झोपत होते आणि मला पत्ता नव्हता!

अध्यक्षबाईंनी सीलबंद, कोरी करकरीत फीत मागवली. ती आत सोडली, वर काढली. तिच्यावर तेलाची रेघ जिथं उमटली, तोच आकडा ताईंनी सकाळी तीन मिलिमीटर वजा करून लिहून दिला होता. मिलिमीटरचाही फरक नव्हता. यंत्र अजूनही वीतभर मागे होतं.

विरोधी पुढारी घोषणा द्यायला लागले. अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "यंत्राच्या मंजुरीवर तुमच्याही सभासदांच्या सह्या आहेत." घोषणा थांबल्या. खाली उतरायच्या आधीच यंत्र बंद करायचा हुकूम निघाला. ताईंना त्यांचा पास परत मिळाला.

आता काम ती नवी फीत करते. मित्रांनो, तुमच्या घरातही वजनकाटा असेल, घड्याळ असेल. ती जुनी झाली म्हणून फेकू नका आणि नवी आहेत म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मधूनमधून तपासा. आमची चूक सापडली तर झाकणावर लिहून ठेवा. आम्हाला राग येत नाही.

ताई आजही वर्षातून एकदा माझी पेटी उघडतात. मी काम करत नाही, तरी माझं टोक मोजतात आणि त्या पिवळ्या कागदावर नवी तारीख घालतात.

"यंदाही तीनच," त्या म्हणतात, आणि मला पुसून परत ठेवतात.