थंडीत गेलेली माझी भावंडं

मी एक जुनी करडईची बी आहे. पारनेरजवळच्या एका संशोधन शेतावर, कागदाच्या पाकिटात एकटीच पडून असते. आता मला कोंब फुटणार नाही. पण मित्रांनो, आमच्या घराण्याचं काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे.

१९९३ साली नवं वाण मिळावं म्हणून माझ्या आजीवर मुंबईत किरणांचा मारा केला गेला. त्यात तिच्या एका जनुकात बारीकसा बदल झाला. करडईच्या दाण्यात आधी एक स्निग्ध आम्ल तयार होतं, मग त्यापासून दुसरं. आमच्या घराण्यात ते दुसरं जवळजवळ बनेनासंच झालं.

हे उजेडात आलं ते मालनबाईंमुळे. त्या शेतावर मजुरीला यायच्या. एकदा त्या संशोधक जयमालाताईंना म्हणाल्या, "ताई, ह्या बियांच्या तेलाची वाटी म्हैनाभर उघडी हाय, पन तेल खवट न्हाई झालं!"

ताईंनी तपासलं. पहिलं आम्ल लवकर बिघडत नाही, म्हणून तेल टिकलं होतं. मग काय, पाहुणे यायचे आणि आम्हाला तळहातावर घेऊन बघायचे.

१९९५ साली माझी चाळीस भावंडं पेरली. आम्ही तिघी बहिणी पाकिटात राहिलो. डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. सकाळी शेजारच्या वाफ्यातली करडई ताठ उभी होती. माझी भावंडं काळवंडून आडवी झाली होती. मालनबाई वाफ्यातच बसल्या.

"लेकरं गारठली वो, ताई."

कारण नंतर कळलं. थंडीत पानं तगायला ते दुसरं आम्लच लागतं. ज्या बदलानं आमचं तेल टिकवलं, त्यानंच पानं मारली. शेतावरचे मोठे साहेब म्हणाले, "हे वाण बंद करा. पाकीट टाकून द्या."

मालनबाई दारातच उभ्या होत्या. "थंडी सोसनाऱ्या झाडासंगं हिचं लगीन लावून तर बघा," त्या म्हणाल्या. ताईंनी पाकीट टाकलं नाही.

पुढच्या वर्षी माझ्या दोघी बहिणी पेरल्या. मालनबाई रोज सांजेला त्यांच्यावर पोतं पांघरायच्या. तरी एक गेलीच. दुसरी फुलली. तिचे पराग ताईंनी काटक करडईच्या फुलावर लावले. तीन वर्षं निवड चालली. १९९९च्या थंडीत तिच्या वंशातली काही झाडं उभी राहिली. त्यांचं तेल आमच्याइतकं टिकत नाही, पण इतरांपेक्षा बरंच टिकतं.

मित्रांनो, दुबळी म्हणून कुठलीही बी फेकू नका. तिच्या पोटात काय आहे, ते आधी बघा. मला मात्र कुणी पेरलं नाही. गार वारा सुटला की वाफ्याकडून चाळीस आवाज येतात, "तू कशी गं राहिलीस?"