दोन्हीकडचं वकीलपत्र

आपल्याकडे सभेत विषय वाचून होण्याआधीच "मंजूर, मंजूर" म्हणायची रीत आहे. मग ती ग्रामपंचायत असो, सोसायटी असो की शिक्षणसंस्था! चाकणजवळच्या त्या विद्यालयातही वर्षानुवर्षं तेच चाललं होतं.

संस्थेचे अध्यक्ष होते ॲडव्होकेट यशवंतराव पवळे. शेतकऱ्याचा मुलगा. खेडच्या कोर्टात वकिली सुरू केली, जमिनी संपादनात गेल्या तेव्हा गावकऱ्यांच्या बाजूने भांडले आणि नाव कमावलं. लोकांनीच मग त्यांना आमदार केलं, शाळाही त्यांच्या हवाली केली. आमदारकी गेली तरी पक्षाच्या राज्य कार्यकारिणीत त्यांचं वजन होतं, आणि अलीकडे ते एका गोदाम कंपनीचे संचालकही झाले होते. राहायला पिंपळे गुरवला गेले, तरी गावात पाऊल टाकलं की माणसं उठून उभी राहत. आपला माणूस म्हटल्यावर कोण कशाला विचारतो?

त्या दिवशी सभेपुढे विषय होता शाळेच्या मैदानाचा. ते मैदान कंटेनर उभे करायला भाड्याने द्यायचं होतं, आणि घेणारी होती यशवंतरावांचीच कंपनी. भाड्यातून नवे वर्ग बांधता येतील, असं ते स्वतःला समजावत होते. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

सभेआधी मुख्याध्यापिका जयमालाबाई त्यांच्याकडे आल्या. "साहेब, आपल्या मुली खो-खोत जिल्ह्यापर्यंत गेल्या त्या याच मैदानावर खेळून. उद्या त्यांनी कुठे पळायचं? हायवेवर?"

"बाई, शाळेला पैसा नको का?"

"हवा. पण एक विचारते. वादीचं आणि प्रतिवादीचं, दोघांचंही वकीलपत्र तुम्ही घ्याल?"

"काहीतरीच काय! सनद जाईल माझी."

"मग आज मैदान देणारेही तुम्हीच आणि घेणारेही तुम्हीच. मुलींच्या बाजूने कोण उभं आहे?"

यशवंतरावांना राग आला, आणि तो बाईंचा नव्हे, स्वतःचाच, हेही त्यांना कळत होतं.

सभा सुरू झाली. सचिव बबनराव विषय वाचू लागले, तोच आवाज उठला, "मंजूर, मंजूर!"

"थांबा!" यशवंतराव उठले. "हा विषय माझ्या कंपनीचा आहे. मी या खुर्चीत बसून तो चालवणं बरोबर नाही. मी बाहेर थांबतो, तुम्ही ठरवा."

ते व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. वाटलं, आत आता खडाजंगी होईल. पण थोड्याच वेळात बबनराव बाहेर आले आणि कानाशी लागले. "साहेब, नुसती मान हलवा. हो म्हणायचं की नाही?"

या माणसांना ही सवय यशवंतरावांनीच लावली होती. "बबनराव, मान हलवायची नाही म्हणून तर बाहेर आलोय!"

बबनराव परत गेले. मग आतून गवराबाईंचा आवाज आला. मैदानाची जमीन त्यांच्या घराने शाळेला दिलेली, म्हणून त्या सभासद होत्या. सभेत आजवर त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"आमी जमीन दिली ती पोरींनी खेळावं म्हनून. माझा नकार हाय. लिवून घ्या!"

"माझाही नकार," कोणीतरी चाचरत म्हणालं. मग आणखी एक, मग तिसरा. ठराव पडला.

बाहेर येताना गवराबाई बाकापाशी थांबल्या. "राग आला व्हय रं, यशवंता?"

"नाही मावशी. पण इतकी वर्षं का नाही बोललात?"

"तू कवा इचारलंस?"

यशवंतरावांनी त्याच आठवड्यात अध्यक्षपद सोडलं. "साहेब, तुमच्याशिवाय आहे कोण?" गावकरी म्हणाले. "तोच तर आपला आजार आहे," ते म्हणाले, आणि निर्णय बदलला नाही.

वाचकहो, चूक एकट्या यशवंतरावांची नव्हती. कर्तबगार माणूस दिसला की पक्ष, शाळा, पतपेढी, सगळं आपण त्याच्याच गळ्यात घालतो आणि निर्धास्त होतो. माणूस आपला असेल, गुणीही असेल, तरी त्याला प्रश्न विचारायचा हक्क सोडू नये. तो आपण सोडला, तर चांगला माणूसही बिघडतो, आणि त्याची किंमत आपली मुलं मोजतात.