मुकं चाक

दौलतने खांद्यावरचं मोटेचं चाक चिमाजी सुताराच्या ओसरीत उतरवलं आणि मान वर न करता तो बाजूला झाला. त्याच्या मागे त्याची भावजय रंभा उभी होती. तिचा नवरा, सयाजी, जाऊन महिना होत आला होता. चिमाजीने हातातली पटाशी खाली ठेवली, पण आता हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

चाक त्यानेच सुधारलेलं. चिमाजी म्हणजे मोशीतला खटपट्या माणूस. त्याच्या एका पाभरीतून शेतापेक्षा वाटेवरच जास्त बी सांडलं होतं, आणि त्यावरून गाव त्याला अजून चिडवत होतं. हे चाक मात्र जमलं होतं. देहूरोडच्या भंगारातून त्याने लष्करी ट्रकचं जुनं बेअरिंग आणलं, ग्रीसने माखलं आणि आपल्या जिवलग मित्राच्या, सयाजीच्या, विहिरीवरच्या चाकात ठोकून बसवलं. अर्ध्या शिवाराला ऐकू जाईल असं कुरकुरणारं चाक गप्प झालं. बैल हलके चालू लागले. लोक बघायला आले, आता पिंपरीच्या कारखान्यात फिटर म्हणून जा म्हणाले, आणि चिमाजीला ते फार गोड लागलं होतं.

एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. चाकाची कुरकुर थांबली की सयाजीने मोट सोडली असं समजून रंभा घरातून भाकरी घेऊन निघायची. इतकी वर्षं तिचं घड्याळ तेच. चाक मुकं झाल्यावर सयाजीला बांधावरून हाक मारावी लागे, आणि दोघं त्यावर हसायचे.

त्या दिवशी हाक आली नाही. दौलत बाजाराला गेलेला. मोट चालू असेल म्हणून रंभा चुलीपाशी बसून राहिली. भाकरी निवाली. शेवटी ती आपणहून गेली, तेव्हा बैल जुवाखाली उभे होते आणि सयाजी मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याशेजारी छाती धरून पडला होता. अंगात अजून ऊब होती. "जरा आधी कळतं तर," एवढंच वैद्य बोलला. ते बोलणं चिमाजीच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं. मातीला तो गेला, पण नंतर समोरच असलेल्या त्या घराची पायरी चढायची त्याची छाती झाली नाही.

"बसा, वहिनी," तो कसाबसा म्हणाला.

"बसत न्हाई. ह्यातलं त्ये बेरिंग काढा, भावजी. पयल्यासारखा लाकडी आस घाला."

"चुकलं माजं, वहिनी."

"तुमी काय केलं? बैलांचं हाल वाचलं म्हनून त्ये किती खूश व्हते." रंभाने पदर सारखा केला. "आता मोट धाकलं भावजी हाकत्यात. माजी जाऊ नवी हाय, वैशाखात लगीन झालंय. तिला घरात ऐकू याया पायजे."

दौलत पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"बैलांना जड जाईल," चिमाजी म्हणाला.

"जाऊ द्या."

ती दोघं गेल्यावर त्याने बेअरिंग ठोकून काढलं आणि बाभळीचा आस तासायला घेतला. सवयीने तेलाची वाटी उचलली, मग तशीच परत ठेवली. वस्तू कुरकुरावी म्हणून घडवायची ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. आस बसवून चाक फिरवलं, तर ते गप्पच फिरलं. हात इतका सफाईचा, की चूकही नीट करता येईना. त्याने आस काढून थोडा ओबडधोबड केला, पुन्हा बसवला. या खेपेला चाक कण्हलं, आणि चिमाजीला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मळ्यातून कुरकुर येत राहिली. सुताराची विद्या उलटी फिरली, म्हणून लोक हसले.

दुपारी आवाज थांबला. रंधा खाली ठेवून तो दारात आला. समोरच्या घरातून दौलतची बायको डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन लगबगीने निघाली होती. तिच्यामागे उंबऱ्यात रंभा उभी होती. तिच्या हातांना अजून पीठ होतं. आवाज थांबताच तीही उठून आली होती.