निवडलेली चवळी

बाईंनी लाल दोरा दाताने तोडला आणि डावीकडच्या पातेल्याच्या कानाला, खालच्या बाजूने, दिसणार नाही असा बांधला. उजवीकडच्याला निळा. दोन्ही पातेली सारखी, दोन्हींत वाटी वाटी चवळी, चमचा चमचा मीठ, आणि पाणी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत. मग दोन्ही शेगड्या एकदमच पेटवून त्या मागे सरकल्या.

"भाऊंची कुठली आणि गोदामाची कुठली?" मुलाने दारातून मान आत घातली.

"ते मला आणि देवाला ठाऊक."

"देव काही फुटायचा नाही. तुझा भरवसा नाही."

"म्हणून तर सकाळी ठेवलीय परीक्षा," त्याच्यामागून सून म्हणाली. "दुपारचं जेवण होईपर्यंत आई खोटं बोलत नाहीत."

हे खरं होतं. लग्नाआधीपासूनचा नेम. पूर्ण दिवस आपल्याच्याने निभायचं नाही, हे ओळखून बाईंनी तेव्हा अर्धाच घेतला होता: सकाळच्या प्रार्थनेपासून दुपारच्या शेवटच्या घासापर्यंत. उरलेला अर्धा हिने माझ्यासाठी ठेवलाय, असं त्यांचे यजमान चारचौघांत सांगत आणि बाई लाजून शिवणयंत्राचं चाक जोरात फिरवत. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. नेम चालू होता.

वाद साधा होता. चौकात मोठं दुकान उघडलं होतं. तिथे खोकी न उघडता तशीच रचून ठेवत, म्हणून घरात त्याला गोदाम म्हणायचे. सून इस्पितळात नर्स होती. येताजाता गोदामातून सामान आणणं तिला सोयीचं पडे आणि स्वस्तही. बाई मात्र महिन्याची चवळी, तांदूळ, चहा आणि मनुका कोपऱ्यावरच्या भाऊंकडूनच आणत, दीडपट दराने. सून कधी टोचून बोलली नव्हती. गेल्या आठवड्यात तिने फक्त दोन पुड्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "आई, फरक असेल तर मी गप्प बसते. नसेल तर पुढच्या महिन्यापासून सगळं गोदामातून. चालेल?"

बाई चालेल म्हणाल्या होत्या. त्या रात्री त्यांना झोप मात्र लागली नव्हती.

निवाडा करायला खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आले. येताना स्वतःचा चमचा घेऊन आले. डावीकडची वाटी त्यांनी संपवली, पाणी प्यायले, उजवीकडची संपवली आणि मिशी पुसत म्हणाले, "वहिनी, पुन्हा एकदा दोन्ही थोडी थोडी. घाईत निकाल देणं बरं नव्हे."

"काका, ही परीक्षा आहे, पंगत नाही," मुलगा म्हणाला.

"अपिलाची सोय ठेवावी माणसाने."

दुसऱ्या फेरीनंतर त्यांनी डाव्या वाटीवर बोट ठेवलं. मुलानेही तीच उचलली. सून दोन्ही वाट्यांतले दाणे चमच्याने बाजूला घेऊन बराच वेळ पाहत राहिली. उजवीकडे काही दाणे फुटून लगदा झाले होते, काही अजून दाताखाली कचकचत होते, एकाला बारीक भोक होतं. डावीकडचे सगळे एकसारखे, सगळे शिजलेले, सगळे अखंड.

"डावी," ती म्हणाली. "काही प्रश्नच नाही."

बाईंनी पातेलं कलतं करून लाल दोरा दाखवला. "भाऊंची."

सुनेनं दोन्ही हात वर केले. हरताना ती छान हसे. त्यामुळे तिच्याशी भांडण रंगतच नसे. "मान्य. आता एक करा, भाऊंना विचारून या, माल कुठून मागवतात. वॉर्डातल्या सगळ्याजणींना सांगते. एवढी चांगली चवळी आपण चारच माणसांनी काय म्हणून खायची?"

"चार माणसं आणि कबुतरं," मुलगा म्हणाला. "हल्ली भाऊंच्या पायरीवर गिऱ्हाइकांपेक्षा कबुतरंच जास्त असतात. काय माजलीत एकेक."

भांडी घासताना बाईंनी दोन्ही दोरे सोडून बोटाला गुंडाळले. भाऊंचं दुकान त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा संसार दोन खोक्यांत मावत होता. नवऱ्याचा पहिला पगार, हातात नवी पिशवी, आणि दुकानाच्या दारातच अंगावर आलेला तो वास: चहा, गूळ, गोणपाट आणि ओल्या लाकडाचा. भाऊ तेव्हा पंचविशीचे. चवळीचा दाणा पुढच्या दातांत धरून कट्‌कन तोडत आणि मगच पोत्याला हात घालत. आणि पडद्यामागून सारखा एक आवाज येई. टक. जरा थांबून, टक. भाऊंची बायको स्टुलावर बसून मांडीवरच्या परातीत धान्य निवडे. सापडलेला खडा पायाशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात टाके. "तुम्हाला घड्याळ लावायची गरज नाही भाऊ," यजमान म्हणाले होते. पडद्यामागून हसू आलं होतं आणि लगेच पुन्हा, टक.

पुढे मुलगा झाला, बोट धरून चालू लागला, आणि भाऊ त्याच्या मुठीत मोजून पाच मनुका ठेवू लागले. भाऊंच्या बायकोला बाई वहिनी म्हणत. वहिनी गेल्या त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून पडद्यामागे शांत होतं. पण पुडीत कधी खडा सापडला नाही. असं कसं, हा प्रश्न बाईंना एवढ्या दिवसांत पडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं त्यांच्या हातात एक कुपन ठेवलं. धुण्याच्या पावडरीवर सूट, आजचा शेवटचा दिवस. "मला दुपारची ड्युटी आहे, स्वयंपाक मी करते. तुम्ही फिरायला जाताच, तर तेवढं आणा. गोदामात गेलात म्हणून भाऊ काही रुसायचे नाहीत. आणि येताना त्यांना विचारायचं विसरू नका."

बाई आयुष्यात पहिल्यांदा गोदामात शिरल्या. पांढऱ्या दिव्यांच्या रांगा, गारवा, आणि वास कसलाच नाही. एवढं धान्य एका जागी असून वास नाही, याचं त्यांना नवल वाटलं. पावडर शोधत त्या बिस्किटांच्या ढिगाला वळसा घालून गेल्या आणि तिथेच थबकल्या.

पुढच्या रांगेत भाऊ उभे होते.

कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली होती, पण ते वाकलेले खांदे बाईंनी कुठेही ओळखले असते. ते चवळीची पुडी नाकाच्या शेंड्यापर्यंत आणत, दिव्याखाली कलती करून दाणे इकडून तिकडे घरंगळवत, मग ती परत ठेवून दुसरी घेत. ढकलगाडीत दहा-बारा पुड्या होत्या. त्यांच्याखाली तांदूळ. कडेला मनुकांची पाकिटं.

बाईंनी बिस्किटांच्या ढिगाचा आधार घेतला. कालची दोन पातेली त्यांच्या डोळ्यांपुढे आली. दाण्याचा आकार तोच. डोळ्याचा काळा ठिपका तोच. रंग बदलला होता फक्त दोऱ्याचा.

पावडर तशीच राहिली. त्या बाहेर आल्या आणि बसथांब्याच्या बाकावर बसल्या. दोन बस आल्या नि गेल्या. चिडावं असं त्यांना वाटत होतं, पण ते काही जमेना. तिसरी बस यायच्या आत त्या उठल्या आणि कोपऱ्याकडे चालू लागल्या.

पायरीवर कबुतरं होती, गलेलठ्ठ, माणसाला वाट द्यायलाही तयार नसलेली. बाईंनी खाली पाहिलं. ती टिपत होती चवळी. भोकं पडलेली, सुरकुतलेली, फुटकी. चांगली ओंजळ-दोन ओंजळ.

दुकानात कुणी नव्हतं. तराजू स्वच्छ पुसलेला होता. आणि पडद्यामागून आवाज आला.

टक.

क्षणभर त्यांना वाटलं, मागे वळलं तर पिशवी घेऊन यजमान उभे असतील.

"कोण आहे?" पडदा सरकला. भाऊंच्या डोळ्यांवर चष्मा होता, हातात भिंग. "बाई! या, या. अर्धा किलो चवळी ना? जरा बसावं लागेल. आजची अजून निवडून व्हायचीय."

"मी गोदामात गेले होते आत्ता," बाई म्हणाल्या. आत्ता कुठे दहा वाजून गेले होते, दुपारचं जेवण व्हायचं होतं. दुसरं काही बोलणं शक्यच नव्हतं.

भाऊंनी भिंग खाली ठेवलं. "दिसलो?"

"दिसलात."

बराच वेळ ते कानटोपीची घडी घालत राहिले. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "पोत्यावाला वर्षापूर्वीच बंद झाला," ते शेवटी म्हणाले. "दोन पोत्यांसाठी गाडी पाठवणं परवडत नाही म्हणाला. त्याचंही खरंच आहे. आमचा मुलगा म्हणतो, बंद करा, माझ्याकडे या. बंद करायला हरकत नाही हो. पण मग हे स्टूल कुठे नेऊ? त्याच्या घरात जागा आहे, नाही असं नाही. पण इथे कसं, ही बसलेली असते तिथे." त्यांनी पडद्याकडे नुसती मान हलवली. "लबाडी आहे, कळतं मला. तिथलाच माल घ्यायचा, इथे जादा पैसे लावायचे."

"मी पस्तीस वर्षं शिलाई घेतली," बाई म्हणाल्या. "कापड गिऱ्हाइकाचंच असायचं."

भाऊंनी वर पाहिलं. मग घाईघाईने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले.

बाई पडद्याच्या आत गेल्या. परातीत निवडलेल्याचा ढीग एका बाजूला, न निवडलेल्याचा दुसऱ्या. त्यांनी निवडलेल्यातली मूठभर तळहातावर पसरली. अंगठा एकदाच फिरवला आणि तीन दाणे वेगळे काढले.

"हे काय आहे?"

भाऊंनी भिंग लावून पाहिलं. "भोक दिसतंय."

"आणि हा खडा आहे. चवळीच्या रंगाचा असला म्हणून काय झालं. काल आमच्याकडे पोस्टमास्तर आले होते. त्यांचे उरलेले चार दात तुमच्याच भरवशावर आहेत. सरका."

"बाई, तुम्ही कशाला..."

"सरका म्हटलं ना."

त्या स्टुलावर बसल्या. स्टूल उंचीला थोडं कमी होतं; वहिनी बुटक्या होत्या. बाईंनी बाही दोनदा दुमडली, परात मांडीवर घेतली. सुईच्या नाकात न बघता दोरा ओवणारी बोटं होती ती. दाणे त्यांच्याखालून पाण्यासारखे सरकू लागले. भाऊ गल्ल्याजवळ जाऊन पाठमोरे उभे राहिले. पडद्यामागून आवाज येत राहिला. टक. जरा थांबून, टक. भाऊंनी पुसलेला तराजू पुन्हा एकदा पुसायला घेतला.

बाई निघताना भाऊंनी अर्धा किलोची पुडी बांधून दिली, दोरीची गाठ नेहमीचीच. पैसे घेईनात; बाईंनी ते तराजूच्या पारड्यात ठेवले.

"घरी काय सांगाल?" भाऊंनी हळूच विचारलं.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून चाळीस मिनिटं. "बघू," त्या म्हणाल्या. "उद्या दहाला येते."

घरी सुनेनं पानं वाढून ठेवली होती. तिला एकच्या आत निघायचं होतं.

"पावडर?"

"राहिली."

"राहिली? कुपन तर तुमच्या मुठीतच आहे!" ती हसली. "बरं, भाऊंना विचारलंत? कुठून मागवतात?"

बाईंनी डोळे मिटले, हात जोडले. जेवणाआधीची त्यांची प्रार्थना चार ओळींची होती. आज ती लांबली. मग त्यांनी जेवायला सुरुवात केली आणि मान वर केली नाही. एरवी एकेक घास बत्तीस वेळा चावणाऱ्या बाई आज भराभर जेवत होत्या. सून घास हातात धरून त्यांच्याकडे पाहत राहिली.

"आई?"

बाईंनी हाताने थांब अशी खूण केली. शेवटचा घास. पाणी. हात धुऊन, पुसून त्या परत येऊन बसल्या.

"डोंगरापलीकडे कुणाचं तरी शेत आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "थोडीच पिकते. ओळखीवर देतात. वॉर्डात उगाच गवगवा नको."

सुनेनं त्यांच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. साडेबारा.

"बरं," ती म्हणाली.

ताटं उचलायला ती वाकली आणि मधेच थांबली. बाईंच्या बाहीच्या दुमडीत काहीतरी होतं. जखमेचा टाका काढावा तसं तिने ते दोन बोटांच्या चिमटीत अलगद धरलं, उजेडात पाहिलं आणि रिकाम्या ताटात सोडलं.

टक.

"शेतातलाच असेल," सून म्हणाली, आणि ताटं घेऊन आत गेली.