कुर्तिचला फक्त दोन मिनिटं

कुर्तिच जवळ आलं तसा त्रायान खिशातली सिगारेट चाचपायला लागला. त्याच्या बायकोने, वेतुरियाने, डोळे वटारले.

"बसून राहा. आज इथे इंजिन बदलायचं नाहीये."

"माहीत आहे गं. लेकीनं शंभरदा सांगितलंय."

लेक लिविया पुढे इंजिन चालवत होती. अरादहून थेट बुडापेस्टला जाणारी, नव्या कंपनीची ही पहिलीच गाडी. आजवर या हद्दीवरच्या स्टेशनात रोमानियाचं इंजिन सुटायचं, हंगेरीचं लागायचं, ड्रायव्हरही बदलायचा. त्रायानने जन्मभर इथवर गाड्या आणल्या आणि इथूनच माघारी वळला. पुढे इंजिन न्यायची त्याची हौस राहूनच गेली. लिवियाने हंगेरियन शिकून, परीक्षा देऊन परवाना मिळवला, तेव्हापासून म्हाताऱ्याच्या अंगात वारं भरलं होतं. आज तर टाय लावून आला होता.

"परवाना तिचा, आणि नटलायस तू," वेतुरिया म्हणाली.

पण तीही खिडकीबाहेर बघत होती. पूर्वी इथे गाडी तासभर पडून असायची. बाया गरम लांगोश, म्हणजे तळलेल्या जाड पुऱ्या विकायच्या, लोक पत्ते कुटायचे. तिचं नि त्रायानचं जमलं तेसुद्धा याच फलाटावर.

गाडी थांबली, दारं उघडली, आणि अर्धा डबा सवयीने खाली उतरला. "अहो, दोनच मिनिटं," गार्डबाई ओरडत राहिल्या. लांगोशच्या टपरीपुढे रांगसुद्धा लागली.

वेतुरियाने वळून पाहिलं, तर शेजारची जागा रिकामी.

तो खिडकीबाहेरच होता. इंजिन आणि डबा जोडतात तिथे वाकून, कडी सोडणाऱ्या माणसाची वाट बघत, हातात न पेटवलेली सिगारेट.

"अरे म्हाताऱ्या," तिने काच ठोकली, "वर ये."

त्याने मान वर केली. चेहरा उतरला. तोवर शिट्टी झाली आणि दारं बंद झाली.

लाल दांडा वेतुरियाच्या डोक्यावरच होता. ओढला की गाडी थांबणार, म्हातारा वर येणार. पण मागे मालगाडी उभी होती. आत्ता सुटलो नाही तर तिला आधी सोडतील, आणि पहिल्याच दिवशी पोरीची शोभा होईल. तिचा हात दांड्यापर्यंत गेला. बाहेर त्रायानने जोरात मान हलवली. मग दोन पावलं मागे सरकून, ताठ उभा राहून त्याने हात उंच केला. गाडी सोडायचा जुना इशारा.

गाडी निघाली. मागे टपरीपाशी माणसं धावत होती.

फोन वाजला.

"ओढला नाहीस ना?"

"नाही. आणि तू बस तिथेच लांगोश खात."

"बस काय, खिडकीशी जा. रूळ वळतात तिथे सिग्नल दिसेल. कसला आहे?"

"हिरवा."

"पुढचा?"

"येऊ दे की जरा. तोही हिरवा."

"वेग कमी केला का तिने?"

"छे, वाढवलाय. माझी टोपी पडली बघ. त्रायान, पाट्या बदलल्या. हंगेरियन पाट्या आल्या."

"आणि लोकोशहाझा?"

हंगेरीतल्या त्या पहिल्या स्टेशनाचा फलाट आला. लाल टोपीतला स्टेशनमास्तर खाडकन सलाम ठोकून उभा होता. फलाट मागे गेला.

"गेलं. थांबलोच नाही."

 पलीकडून त्याचा आवाज आला, पण तो तिच्याशी बोलत नव्हता. फलाटावर राहिलेल्या सगळ्यांना तो ओरडून सांगत होता, "गेली रे, माझी पोरगी इंजिन घेऊन पार गेली." आणि गाडी चुकलेली ती सगळी माणसं, तोंडात घास असतानाच, टाळ्या वाजवत होती.