पाठीवरचं बक्कल

शेवटी करडं कॅरिअर घ्यायचं ठरलं, आणि ते ठरवलं मामानेच. आता हे वाक्य कृपया विसरून जा. असं काही झालेलंच नाही. मामा अजून दुकानाच्या दारात उभा आहे, भाची त्याच्या छातीवर लाळ गाळत झोपली आहे आणि जगातलं एकही बेबी कॅरिअर पसंत पडू द्यायचं नाही, असा निश्चय करून तो आत शिरतो आहे.

मामा पार्सलच्या गोदामात पॅकिंगला होता. फुटणाऱ्या वस्तू न फोडता लांब पाठवायच्या, हे त्याचं काम. त्यामुळे ताईला वाटलं, याला यातलं कळत असेल. ताईचा नवरा बदली होऊन दूरच्या शहरात गेला होता आणि तिकडे घर मिळेपर्यंत ताई बाळाला घेऊन मामाकडे राहिली होती. घर मिळायला वेळ लागला. तेवढ्या काळात बाळाने झोपायची जागा ठरवून टाकली: मामाची छाती, डावी बाजू. पाळण्यात ठेवलं की भोकाड. गादीवर ठेवलं की त्याहून मोठं भोकाड. मामाने कामावरून येऊन हात धुवायचे, फ्रिज ते दार, दार ते फ्रिज अशा येरझाऱ्या घालायच्या, की भोपळी गार. भाचीला घरात भोपळी म्हणत. का, ते तिला उचलल्यावर कळायचं. मामाने शर्टाच्या खिशात पेन ठेवणं केव्हाच सोडलं होतं. डाव्या खांद्यावर दुधाचा डाग नसला की गोदामातले लोक विचारायचे, "काय रे, बरं नाही का?"

आता रविवारी ताई जाणार होती. तिकडे सगळं होतं, फक्त मामा नव्हता. म्हणून हे दुकान.

"एक पिशवी दाखवा," मामा म्हणाला.

"कॅरिअर," ताई म्हणाली आणि भोपळीला त्याच्याकडून काढून घेतलं.

दुकानातल्या बाईंनी काउंटरखालून वाळू भरलेली बाहुली काढून मामाच्या हातात दिली. "आधी हिच्यावर सराव करा. वजन अगदी खऱ्या बाळाएवढं आहे."

"रडते का?"

"नाही हो."

"मग कसला सराव?"

पहिलं कॅरिअर म्हणजे नुसतं लांबच लांब कापड होतं. दोन वेढे झाले तेव्हा बाहुली बाहेर होती आणि मामाचा हात आत. दुसऱ्यात बाहुलीचे पाय लोंबकळत होते. "गुडघे बुडापेक्षा वर हवेत, बेडकासारखे," बाई म्हणाल्या. मामाने ते ताबडतोब बाद केलं. करडं त्याने खोक्यातून निघायच्या आधीच बाद केलं. म्हणाला, उंदरासारखं दिसतं.

मग आलं लाल. बैठक रुंद, खांद्यांना जाड गाद्या, निम्मं वजन पेलणारा कमरेचा पट्टा. मामा चेहरा पाडून खोड शोधत होता, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "यात एकच आहे. हे बक्कल पाठीवर, मानेखाली लागतं. हात पोचत नसेल तर दुसऱ्या माणसाने लावून द्यायचं."

"ताई, हेच घे," मामा म्हणाला.

"अरे लंबू, दुसरा माणूस लागतो त्याला."

"तेच तर! आमच्याकडे जड पेटी एकट्याने उचलायची बंदी आहे. नियम आहे. ही काय हलकी आहे का?"

ताईने भोपळीकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. "तू म्हणतोस म्हणजे असेल बाबा," म्हणत तिने भोपळीला त्यात बसवलं. मामाने मागून बक्कल लावलं. टक. असा छान आवाज त्याने गोदामात कधी ऐकला नव्हता.

"आता काढून तुमचं तुम्ही लावा," बाई म्हणाल्या.

ताईने दोन्ही हात मानेमागे नेले. कोपरं वर, मान खाली, बोटं हवेत चाचपडत. बक्कल बोटभर लांब राहत होतं. भोपळी कुरकुरू लागली. मामाचा हात आपोआप पुढे गेला. त्याने तो पकडून स्वतःच्या खिशात कोंबला.

"तुझे भावोजी लावतील सकाळी कामावर जाताना," ताई धापा टाकत म्हणाली. "मग ते येईपर्यंत काढायचंच नाही. आंघोळसुद्धा हिच्यासकट." ती हसली. बोटं मात्र शोधतच होती.

समोरच्या आरशात मामाला एक स्वयंपाकघर दिसलं, जिथे तो कधी गेला नव्हता. दूध उतू चाललंय, दारावरची बेल वाजतेय आणि ताई मधोमध उभी, पोलिसांना शरण आल्यासारखे हात मानेमागे धरून. तिच्या मागे कुणीच नाही.

"ताई," तो म्हणाला, "ते करडं काढायला सांग."

"उंदीर?"

"उंदीर काही वाईट नसतो."

करड्याचे पट्टे पाठीवर फुली मारून पुढे येत होते आणि बक्कलं दोन्ही कुशींशी, हाताखाली. ताईने एकटीने लावली. टक, टक. मामाने माल पाठवण्याआधी तपासतात तसं तपासलं. चेहरा उघडा. हनुवटी छातीला टेकलेली नाही. गुडघे वर. ताईने मान वाकवली की ओठ थेट टाळूवर. खोड नाही. भोपळीने एक सुस्कारा सोडला आणि झोपली. फ्रिजशिवाय. दाराशिवाय.

"झोपली की रे!" ताई पुटपुटली. "बघितलंस का?"

"शू," मामा म्हणाला.

"अहो," बाई हळूच म्हणाल्या, "ती बाहुली ठेवा आता."

तेव्हा कुठे मामाच्या लक्षात आलं, की तो काउंटर ते दार, दार ते काउंटर येरझाऱ्या घालतो आहे आणि बाहुली छातीवर आहे, डाव्या बाजूला.

घरी आल्यावर ताई बॅगा भरायला आत गेली. "ते गॅरंटीचं कार्ड तेवढं भरून टाक रे," तिने आतूनच सांगितलं. कार्डावर खाली तक्रार किंवा सूचना लिहायला जागा होती. मामाने कित्येक महिन्यांनी खिशाला पेन लावलं होतं. ते काढून त्याने लिहिलं:

"महोदय, आपले करड्या रंगाचे कॅरिअर सर्व दृष्टींनी उत्तम आहे, हीच तक्रार आहे. तरी विनंती की, सदर कॅरिअरच्या पट्ट्यांची लांबी वाढवून ती ताईच्या नव्या घरापासून खाली सही करणाऱ्याच्या फ्रिजपर्यंत करण्यात यावी, जेणेकरून पट्टा सैल पडल्यास तो इथून ओढता येईल. तसेच पाठीवर एक बक्कल द्यावे. ते कशालाही जोडलेले नसले तरी चालेल. फक्त लावायला दुसरा माणूस लागावा. कळावे. आपला नम्र, मामा (जुने मॉडेल)."